कमळाबाईंचा अबोला

कमळाबाईंची आणि श्यामकांत सरांची ओळख अकरा वर्षांची, पण त्या अकरा वर्षांत सरांना त्यांच्याबद्दल जे कळलं ते एका हाताच्या बोटांवर मोजून संपलं असतं. बाई खरवईच्या जुन्या गावातल्या. नवरा हरिचंद्र केव्हाच गेलेला. सरांच्या इमारतीच्या फाटकाशी गोणपाट टाकून त्या सकाळची भाजी विकायच्या, गवार, शिराळी, कधी स्वतःच्या परसातला मुळा. घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकाशी त्या भांडायच्या नाहीत. नुसत्या तोंड फिरवून रस्त्याकडे बघत बसायच्या, गिऱ्हाईक निघून जाईपर्यंत. सरांना मास्तर म्हणायच्या. त्या लग्नांत गातात, हेही सरांना ठाऊक होतं. एकदा गावातल्या मांडवातून कर्ण्यावर त्यांचा आवाज आला होता, उंच आणि एकसुरी, आणि सरांनी वर्तमानपत्र वाचायचं होतं म्हणून खिडकी लावून घेतली होती.

एवढंच. तरीही कमळाबाईंच्या मनात काय आहे हे ठरवायची वेळ आली तेव्हा घरच्यांनी सरांना बोलावलं, आणि सर गेले.

पुष्कळशा गोष्टी त्यांना नंतर कळल्या, उपयोग संपल्यावर. बाईंचं माहेर शहाडच्या बाजूला. सोळाव्या वर्षी लग्न होऊन खरवईला आल्या. सासू धवलारीण होती. आगऱ्यांच्या लग्नात पूर्वी भटजीचं फारसं काम नसायचं. सगळे विधी धवलारीण गाऊन लावायची, आणि त्या गाण्यांना धवले म्हणतात. कुठल्या विधीला कुठला धवला हे ठरलेलं. सासूनं सुनेला जात्यावर बसवून तीन वर्षांत सगळे पाठ करून घेतले, आणि चुकलं की जात्याचा खुंटा बोटांवर मारायची. पुढे चाळीस वर्षं पंचक्रोशीतली लग्नं कमळाबाईंनी लावली. मांडवात त्यांचा दरारा असा, की नवऱ्याच्या बापानं वेळेआधी सुपारी फोडली तर गाणं थांबवून त्याला सगळ्यांदेखत परत फोडायला लावायच्या.

मग भटजी आले, मग डीजे आला. दोन वर्षांपूर्वी धाकट्या मुलाच्या, अल्पेशच्या, लग्नात हळदीच्या दिवशी कमळाबाई माइक घेऊन बसल्या. चौथ्या ओळीला थोरल्या सुनेनं, करिष्मानं, हसत हसत त्यांच्या हातातला माइक काढून घेतला आणि डीजेवाल्याला खूण केली. पोरं नाचायला लागली. कमळाबाई उठल्या, पदर झटकला, आणि त्या दिवसापासून दोन महिने करिष्माशी एक शब्द बोलल्या नाहीत. मीठ हवं असलं तरी स्वतः उठून घ्यायच्या.

हा अबोला घरानं लक्षात ठेवला, आणि पुढचं सगळं त्याच्यामुळे झालं.

गेल्या वर्षी होळीनंतर, सकाळी नळावर हंडा भरताना कमळाबाई खाली बसल्या त्या उठल्याच नाहीत. बदलापुरातल्या एका दवाखान्यात आठ दिवस ठेवलं. मेंदूच्या डाव्या बाजूला रक्ताची गाठ अडकली होती. उजवा हात गेला, उजव्या पायावर उभं राहता येईना, आणि वाचा गेली. तोंड उघडायच्या, ओठ हलायचे, आणि "ते... ते... ते" यापुढे काही येत नव्हतं. डॉक्टरांनी चार मिनिटं दिली. कागदावर गोळ्या लिहिल्या, खाली लिहिलं की बोलण्याचा सराव द्यावा, आणि पुढचा पेशंट बोलावला.

घरी आणल्यावर नवव्या दिवशी कमळाबाई गायल्या.

करिष्मा खोलीत केर काढत होती. पाठीमागून अख्खा धवला आला, सगळे शब्द जागच्या जागी, एक अक्षर इकडचं तिकडे नाही.

*उठा गो सवाशिनींनो, पाच जनी व्हा,*
*उंबराच्या वाटनं म्होरं म्होरं जा.*

करिष्माच्या हातातली केरसुणी थांबली. तिनं वळून विचारलं, "आई, काय पायजे?"

"ते... ते..." कमळाबाई म्हणाल्या.

"आता गायलात ना? बोला की."

"ते."

तिथे घराचं मत ठरलं. ज्या बाईला पन्नास ओळींचं गाणं येतं तिला चार शब्द येत नाहीत, हे कुणाला पटणार? शिवाय कुणी भेटायला आलं की कमळाबाई स्वच्छ "ये, बस" म्हणायच्या. पाहुण्याला ये बस, आणि पोटच्या पोराला हाक नाही. प्रीतम, थोरला मुलगा, रोज कामावर जाताना समोर बसून विचारायचा, "आई, माझं नाव काय?" त्या त्याच्या तोंडाकडे बघायच्या, घाम फुटेपर्यंत बघायच्या, आणि गायला लागायच्या. तो उठून जायचा.

जो तो आपापली फूटपट्टी घेऊन आला. अंबरनाथचा सुदाम भगत म्हणाला, कुठल्यातरी लग्नात हिनं देवीचा धवला गाळलाय, देवीनं जीभ धरलीय. त्यानं कोंबडं घेतलं आणि जिभेवर राख चोळली. चुलत जाऊ म्हणाली, नवरा आठवतोय. करिष्माचा भाऊ अमित म्हणाला, एक नंबर कंटेंट आहे, आणि त्यानं म्हातारीचे दोन-तीन व्हिडिओ काढून नेटवर टाकले: आधी "ते ते ते", मग गाणं. खाली लोकांनी हसून हसून रडणारी तोंडं टाकली. कल्याणला वाचा-उपचार करणाऱ्या एका मुलीकडे प्रीतम एकदाच घेऊन गेला. ती म्हणाली, गाणं शाबूत आहे हे फार चांगलं, त्याच वाटेनं बोलणं आणता येईल, रोज घेऊन या.

"रोज," बरोबर गेलेली करिष्मा घरी येऊन म्हणाली. "म्हणजे अजून गायला लावायचं. घरात भजनी मंडळ उघडूया."

अशा वेळी प्रीतमला आपल्या सरांची आठवण झाली.

श्यामकांत सरांनी उल्हासनगरच्या एका कॉलेजात अकरावी-बारावीला एकतीस वर्षं मानसशास्त्र शिकवलं होतं. सोपा विषय म्हणून मुलं घ्यायची. दुसरा धडा दृष्टिकोनांचा. माणूस असा का वागतो, याची पाच उत्तरं, प्रत्येक उत्तराला दहा ओळी. कुणी म्हणतं मेंदूमुळे, कुणी म्हणतं लहानपणच्या दडपलेल्या गोष्टींमुळे, कुणी म्हणतं बक्षीस आणि शिक्षा यांच्या सवयीमुळे. सर त्याच पिवळ्या वहीतून तीच टिपणं सांगायचे, कुत्र्याची घंटा, कबुतराचे दाणे. या पाचांपैकी कुठलं खरं, असं एकाही मुलानं कधी विचारलं नाही, आणि त्याबद्दल सर मनातून त्यांचे आभारी असायचे. स्टाफरूममध्ये ते दाराजवळच्या खुर्चीत बसायचे. निवृत्तीच्या समारंभात प्राचार्यांनी त्यांचं नाव श्यामराव घेतलं, तेही त्यांनी दुरुस्त केलं नाही.

"सर, ओळखलंत? प्रीतम. शेवटचा बाक." दारात उभा राहून तो म्हणाला. त्यानं पाया पडून घेतलं. "आता एमआयडीसीत सुपरवायझर आहे. सर, तुम्ही सायकॉलॉजीवाले. आईचं जरा बघा ना."

"मी डॉक्टर नाही रे," सर म्हणाले.

"डॉक्टरनं मेंदूचा फोटो बघितला, आईला नाही बघितलं. तुम्ही माणसाचं शिकवायचात."

आतून सरांची बायको, बकुळा, चहा घेऊन आली. प्रीतम गेल्यावर ती म्हणाली, "एकतीस वर्षांत पहिल्यांदा कुणी तुम्हाला काही विचारलं. बघा बुवा, जपून."

सर दुसऱ्या दिवशी गेले. करिष्मानं खुर्ची पुसून दिली. कमळाबाई खाटेवर बसल्या होत्या. सरांना बघून स्पष्ट म्हणाल्या, "ये, बस." मग प्रीतमनं नाव विचारलं, ते आलं नाही. मग गाणं आलं. सर अर्धा तास बसले. त्यांनी अबोल्याची गोष्ट ऐकली, माइकची गोष्ट ऐकली. करिष्मानं कल्याणच्या मुलीचं म्हणणंही सांगितलं, चेष्टेच्या सुरात. सरांनी ते आपल्या दुसऱ्या धड्याशी ताडून पाहिलं. गाण्याच्या वाटेनं बोलणं येतं, असं त्यांच्या वहीत कुठे नव्हतं.

"यांना बोलायची गरजच पडत नाही," ते शेवटी म्हणाले. आपला आवाज वर्गातल्यासारखा लागला आहे, हे त्यांना जाणवलं आणि बरं वाटलं. "खाणं, पिणं, सगळं न मागता मिळतं. गाणं म्हटलं की तुम्ही सगळे धावत येता. म्हणजे गाण्याला बक्षीस आहे, बोलण्याला नाही. हे उलट करायचं."

"म्हणजे कसं, सर?" प्रीतमनं विचारलं.

"पाण्यापासून सुरू करू. तहान सगळ्यांना लागते. पेला समोर स्टुलावर ठेवायचा, हात पोचणार नाही इतक्या अंतरावर. 'पाणी' म्हणाल्या की लगेच द्यायचं, कौतुक करायचं. गायल्या की पाठ फिरवायची. रागवायचं नाही, नुसतं लक्ष द्यायचं नाही."

"आणि नाहीच म्हणाल्या तर?"

"जेवताना अर्धा पेला द्या. पण मधे नाही. चार-पाच दिवसांत येतील ताळ्यावर."

करिष्मानं त्यांच्याकडे असं बघितलं, जसं आजवर एकाही विद्यार्थिनीनं बघितलं नव्हतं. "हेच मी बोलत होते," ती नवऱ्याला म्हणाली. "सर बोलले तेव्हा तुला पटलं."

घरी बकुळानं ऐकून घेतलं. भाकरी थापता थापता तिनं विचारलं, "म्हातारीला तहान लागली तर पाणी द्यावं. त्यात शिकवायचं काय?"

"ती पद्धत आहे."

"आणि तिला खरंच येत नसलं बोलायला तर?"

"तिला येतं. ये, बस म्हणते."

"आपला पोपट पण म्हणायचा," बकुळा म्हणाली.

एप्रिल संपत आला होता. पत्र्याच्या खोलीत दुपारी भिंतीला हात लाववत नव्हता. सर रोज चारच्या सुमाराला जायचे आणि नवी वही घेऊन कोपऱ्यात बसायचे. त्यांनी तारीख, वेळ, काय म्हणाल्या, असे रकाने आखले होते. पहिल्या दिवशी कमळाबाईंनी पेल्याकडे डावा हात नेला. करिष्मा म्हणाली, "बोला, पाणी." ओठ हलले, "ते" आलं. करिष्मानं पेला मागे सरकवला. कमळाबाईंनी एकदा सरांकडे पाहिलं, मग तोच उंबराच्या वाटेचा धवला सुरू केला. ठरल्याप्रमाणे सगळ्यांनी पाठ फिरवली. सरांनीही खुर्ची भिंतीकडे वळवली. सासूनं खुंटा मारून पाठ करून घेतलेलं ते गाणं ओळीमागून ओळ त्यांच्या पाठीवर येत राहिलं.

दुसऱ्या दिवशी दुसरा धवला आला, त्यात भाताचं काहीसं होतं, आणि पुन्हा तो पहिला. तिसऱ्या दिवशी त्यांनी खाटेवरून पुढे वाकून स्टूल ओढायचा प्रयत्न केला आणि तोंडावर पडल्या. दात ओठात रुतला. करिष्मानं रक्त पुसलं आणि पेला पुन्हा जागेवर ठेवला. ती पद्धतीला पक्की होती. अल्पेश आला होता, तो म्हणाला, "वहिनी, देऊन टाक ना." तर प्रीतमनं त्याला गप्प केलं. "सरांनी सांगितलंय. मधे दिलं तर सगळं फुकट जाईल."

मधे दिलं तर सगळं फुकट जाईल, हे वाक्यही सरांचंच होतं.

चौथ्या दिवशी त्यांची जीभ ओठांना चिकटायला लागली होती. गाताना चिकट आवाज यायचा. जेवताना मिळणारा अर्धा पेला वाकड्या तोंडातून निम्मा गळ्यावर सांडायचा, आणि ठसका लागला की त्या जेवणही ढकलायच्या.  आता थांबवू या, एवढं वाक्य त्यांनी मनात तीनदा जुळवलं. पण प्रीतम कामावरून दमून आला होता, त्यानं आल्या आल्या विचारलं, "सर, प्रोग्रेस आहे ना?" आणि करिष्मानं त्यांच्यासाठी लिंबू सरबत आणलं होतं. आपण पहिल्या दिवशी चुकलो, असं या लोकांसमोर म्हणायचं म्हणजे केवढं बोलावं लागेल. सरांनी सरबत घेतलं. वहीत लिहिलं: गाण्याचं प्रमाण वाढलं आहे; सवय सुटण्याआधी असं होतं.

पाचव्या दिवशी त्यांनी तोच धवला लागोपाठ तीनदा म्हटला. तिसऱ्या वेळी आवाज उरला नव्हता, नुसते ओठ आणि सूर. सर उठले. निघताना दारात त्यांचं आणि कमळाबाईंचं दोन-तीन वाक्यांचं बोलणं झालं. ते सरांनी फाटकापाशी उभं राहून वहीत उतरवलं, एका शब्दाखाली रेघ मारली, आणि परत फिरून प्रीतमला म्हणाले, "आता खात्री झाली. यांना शब्द येतो, मी स्वतःच्या कानांनी ऐकला. आता अजिबात सोडू नका. उद्या परवाकडे म्हणतील."

परवा सकाळी कमळाबाई उठवल्या तर उठेनात. दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी त्यांची कातडी चिमटीत धरून सोडली, ती तशीच उभी राहिली.

"पाणी पीत नव्हत्या का?" त्यांनी विचारलं.

"मागतच नव्हती," प्रीतम म्हणाला.

लघवीत जंतू झाले होते, किडन्या बसल्या होत्या. तिसऱ्या दिवशी गेल्या.

दहाव्याला सर गेले. न जाणं वाईट दिसलं असतं. अंगणात ताडपत्रीखाली माणसं बसली होती. अंजनी नावाची एक म्हातारी आली होती, अंबरनाथ पूर्वेला लेकीकडे राहणारी. तीस वर्षं ती कमळाबाईंच्या मागे बसून ओळ झेलायची. गुडघ्यांमुळे तिचं येणं झालं नव्हतं, आणि कळवायचं कुणाला सुचलं नव्हतं. तिला रडू येत नव्हतं. ती म्हणाली, "शेवटी शेवटी गात व्हती म्हनं. मना दाखवा."

अमितनं फोन काढला. कमळाबाईंचा आवाज अंगणात उभा राहिला. उठा गो सवाशिनींनो.

अंजनीनं दोन ओळी ऐकल्या. "यो तर पान्याचा," ती म्हणाली.

"कसला?" अल्पेशनं विचारलं.

"नवरीच्या अंघोलीचा पानी आनाला पाच सवाशिनी इहिरीवं जातान ना, तवाचा धवला. दुसरं कदी म्हनायचा नाय यो." तिनं सगळ्यांकडे पाहिलं. "तिना पानी पायजे व्हतां."

 अमितनं नकळत पुढचा व्हिडिओ लावला.

"यो भाताच्या घान्याचा, लग्नाचा भात कांडताव तवाचा. भूक लागली व्हती," अंजनी म्हणाली. फोन कानाशी धरून ती हलकेच मान डोलवत होती, जशी तीस वर्षं डोलवत आली असेल. तिसरा लागला. दुसऱ्या एका दिवशी करिष्मा केर काढत असतानाचा, अमितनं हसत हसत काढलेला. "यो नवरीची पाठवनी करताव तवाचा. आता घरा जा, असा बोलते ती. कोनाला तरी जा बोलते." मग तिनं भाबडेपणानं विचारलं, "घरान कोनालाच कललां नाय?"

पंचक्रोशीतली लग्नं लावलेल्या बाईच्या घरात कुठला धवला कशाचा हे एकाला माहीत नव्हतं. प्रीतम जमिनीकडे बघत होता. करिष्मा उठून आत गेली, आणि आतून तिचा आवाज आला, कुणाला तरी सांगत असलेला, रडका आणि मोठा. "आमाला काय माहिती? सर बोलले म्हणून केलं. मी तर सरांना विचारून विचारून केलं."

अंगणातली माणसं सरांकडे वळून पाहू लागली. एकतीस वर्षांत एवढ्या माणसांनी एकदम त्यांच्याकडे कधी पाहिलं नव्हतं. सर काहीतरी बोलणार होते. ओठ हलले. मग चपला शोधून ते निघाले. एक चप्पल दुसऱ्याची घातली गेली, ती घरी आल्यावर कळलं.

बकुळा बाहेर आली. तिनं दाराशी कमी-जास्त मापाच्या दोन चपला पाहिल्या आणि पाण्याचा तांब्या समोर ठेवला. सरांनी तो प्यायला नाही, परतही दिला नाही.

वही त्यांनी फाडली नाही. फाडायलाही धीर लागतो. तिच्यात शेवटच्या पानावर, पाचव्या दिवसाच्या रकान्यात, दारातलं ते बोलणं आहे. आल्यागेल्याला घरातली बाई जे जन्मभर म्हणते, विचार न करता, तेवढंच ते होतं; स्टुलावरच्या पेल्यासाठी तोच शब्द ओठांवर येत नव्हता. सरांनी त्याच्याखाली रेघ मारली आहे. उन्हं खिडकीतून खाटेवर आली होती. कमळाबाईंचे ओठ फुटले होते. सर दारात चप्पल घालत म्हणाले, "येतो मी, कमळाबाई."

"पानी पिऊन जा, मास्तर," कमळाबाई म्हणाल्या, अगदी स्पष्ट.

"नको," सर म्हणाले. "आता घरी जाऊनच पितो."